त्रेसष्टचे छत्तीस

तिसरीच्या वर्गात मी संख्या सांगत होते आणि मुलं पाटीवर लिहीत होती. मी "त्रेसष्ट" म्हटलं. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने ३६ लिहिलं. शेजारच्या मुलीने आधी ६३ लिहिलं होतं. तिने त्याच्या पाटीकडे पाहिलं, आपलं उत्तर थुंकीने पुसलं आणि तिनेही ३६ केलं. तेव्हा माझ्या नोकरीला दहा वर्षं झाली होती आणि या चुकीवर मी दहा वर्षं फुली मारत आले होते. एकदा समजावून सांगायचं, पुन्हा सांगायचं, आणि तरीही जमलं नाही तर दहा वेळा लिहून आणायला लावायचं. त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, मी त्या मुलाजवळ सतरंजीवर बसले आणि विचारलं, "कसं लिहिलंस रे हे?"

तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आधी तीन म्हनले ना. मग साठ म्हनले."

त्याचं बरोबर होतं. 'त्रे' म्हणजे तीन आणि 'सष्ट' म्हणजे साठ. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी लिहितो. कानावर पडलं त्याच क्रमाने त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. तेलुगूत आणि कन्नडमध्ये साठ आधी येतात, मग तीन. इंग्रजीतही तसंच. हिंदी-गुजरातीच्या मुलांची अडचण आपल्या मुलांसारखीच. दहा वर्षांत मला हे एकदाही दिसलं नव्हतं, कारण त्रेसष्ट म्हणजे ६३ हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात अवघड काय असेल, असा प्रश्नच मनात आला नाही. ज्याला एखादी गोष्ट पक्की येते, त्याला ती न येणाऱ्याची अडचण दिसेनाशी होते. शिकवण्यातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे, असं मला आज वाटतं.

पुढे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रभर वाद झाला, तो अनेकांना आठवत असेल. त्रेसष्ट हे 'साठ तीन' असंही म्हणता येईल, असा पर्याय त्या पुस्तकात होता. मराठी बुडाली म्हणून ओरड झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत, जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो म्हणून एक वाट जास्तीची दिली आहे. पहिली-दुसरीच्या वर्गात बसलेल्या माणसाला त्यांचं म्हणणं लगेच समजत होतं. मला स्वतःला त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर हे शब्द फार प्रिय आहेत आणि ते टिकावेत असंच वाटतं. पण मूल कुठे अडखळतं ते आधी पाहावं आणि मग पुस्तक लिहावं, हा त्यांचा क्रम मला योग्य वाटला आणि आजही वाटतो.

माझी सगळी नोकरी बदनापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये झाली. बहुतेक शाळा द्विशिक्षकी होत्या. चार वर्ग, दोन खोल्या, दोघं शिक्षक. मी बदनापुरातून अप-डाऊन करत असे. आधी काळी-पिवळीतून, नंतर स्कूटीवर. आता निवृत्त आहे. इथे जे सांगते आहे ते वर्गात हाताशी आलेलं आहे. त्यातलं काही जगातल्या संशोधकांनीही शोधून ठेवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. डी.एड्.लाच कोणी सांगितलं असतं तर कितीतरी मुलांचे फुल्या खाण्याचे दिवस वाचले असते.

डी.एड्.ला आम्हाला पाठटाचण काढायला शिकवलं होतं. वहीत रकाने आखायचे: पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, उपयोजन, गृहपाठ. ही मांडणी मुळात जर्मन विचारवंत हर्बार्टच्या परंपरेतली. त्याच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या घालून दिल्या आणि आपल्याकडे ती 'पंचपदी' म्हणून रुजली. पूर्वज्ञानाच्या रकान्यात आम्ही सगळ्या जणी एक ठरलेलं वाक्य लिहायचो: 'विद्यार्थ्यांना बेरीज माहीत आहे.' लिहून मोकळ्या व्हायचो. ती खरोखर माहीत आहे का, हे कुणीच पाहत नसे. पाठ तपासणारे गुण द्यायचे प्रस्तावनेच्या गाण्याला आणि फलकलेखनाला.

त्या रकान्याचं मोल मला एका शेतकऱ्याच्या ओसरीवर समजलं. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा आमच्याकडे पेरणीची घाई असते. पटनोंदणीसाठी एका घरी गेले तर ओसरीवर ओलं गोणपाट पसरलेलं होतं. त्यावर दहा-दहाच्या ओळींत सोयाबीनचे शंभर दाणे मांडलेले. वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करून ठेवायची आणि काही दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. त्याहून कमी असतील तर प्रमाण वाढवायचं, नाहीतर बियाणं बदलायचं. कृषी खातं दर वर्षी हे सांगतं आणि जाणता शेतकरी हे केल्याशिवाय तिफणीला हात लावत नाही. मी घरी येताना विचार करत राहिले, की हा माणूस एका पिकासाठी एवढं तपासतो आणि मी वर्षभराची पेरणी 'माहीत आहे' या दोन शब्दांवर करते.

तेव्हापासून नवीन घटक सुरू करायच्या आदल्या दिवशी मी चार प्रश्न देऊ लागले. गुण नाहीत, वही नाही, फक्त पाटी. अपूर्णांक शिकवायचे होते तेव्हा याची मोठी मजा आली. पुस्तकातलं 'एक छेद चार' कुणालाच ओळखता आलं नाही. पण पावशेर म्हणजे किती, दीडशे म्हणजे किती, अडीच आणि पाऊण यांत मोठं कोणतं, हे जवळजवळ सगळ्यांना येत होतं. बाजारातून मिरच्या आणणारी, दुधाचा रतीब घालणारी मुलं ती. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच अशी सहा नावं घेऊन ती शाळेत आली होती आणि मी त्यांना अपूर्णांक 'नव्याने' शिकवायला निघाले होते. त्या वर्षी अपूर्णांक आम्ही पाव किलोपासून सुरू केले.

आता पाटीबद्दल. पाटीसारखं शिकवण्याचं साधन मी दुसरं पाहिलं नाही. वर्गात आपण प्रश्न विचारतो आणि तीन-चार हात वर येतात. नेहमीचेच हात. त्यातला एक जण बरोबर उत्तर देतो, आपण "शाब्बास" म्हणतो आणि वर्गाला समजलं असं धरून पुढे जातो. उरलेल्या एकवीस जणांच्या डोक्यात काय आहे, याचा आपल्याला पत्ता नसतो. याऐवजी सगळ्यांनी उत्तर पाटीवर लिहायचं, पाटी छातीशी उलटी धरायची आणि मी "दाखवा" म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर करायची. पंचवीस पाट्या एका नजरेत. कुठे ६३, कुठे ३६, एका कोपऱ्यात ६०३. हा ६०३ वाला मुलगा ३६ वाल्याहून वेगळ्या ठिकाणी अडला आहे. तो साठ पूर्ण लिहून त्याला तीन जोडतो. दोघांना एकच समजावणी देऊन उपयोग नाही. तोंडी उत्तरात हा फरक मला कधीच कळला नसता.

पुढे जायचं की थांबायचं, हेही पाट्याच सांगतात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले बराक रोझेनशाईन यांनी चांगल्या शिक्षकांच्या वर्गांवरचं संशोधन एकत्र करून २०१० मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यात दहा तत्त्वं आहेत. त्यांतली काही: तासाची सुरुवात कालच्या उजळणीने करा, नवीन गोष्ट छोट्या छोट्या टप्प्यांत द्या, प्रत्येक टप्प्यावर प्रश्न विचारा, आधी करून दाखवा, मग सोबत करा, मग एकट्याला करू द्या. त्यात एक आकडा आहे. सरावाच्या वेळी साधारण ८० टक्के उत्तरं बरोबर यायला हवीत. त्याहून कमी असतील तर मुलं चुकाच घोटत बसतात, आणि चूक एकदा घोटली गेली की ती पुसणं अवघड जातं. माझ्या वर्गात याचा अर्थ २५ पैकी २० पाट्या. १४ आल्या तर मी फळा पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. अभ्यासक्रम मागे पडायचा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत कुणी कुठल्या पानावर आहे याची चर्चा निघाली की मला उत्तर देताना संकोच व्हायचा. पण पान पुढे गेलं आणि मूल मागे राहिलं तर ते पान कुणासाठी पुढे गेलं, हा प्रश्न मला सोडत नसे.

मघाच्या त्रेसष्टचं काय केलं ते सांगायचं राहिलं. आमचा तालुका तुरीचा. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेले बीडीएन ७११ सारखे वाण मराठवाडाभर पेरले जातात. तूर निघाली की घरोघरी तुराट्यांचे ढीग पडतात. मुलांनी त्यातल्या बारीक काड्या मोडून बोटाएवढ्या केल्या. दहा काड्या मोजायच्या आणि त्यांना रबर लावायचं, झाली एक जुडी. "त्रेसष्ट" म्हटलं की आधी सहा जुड्या मांडायच्या डाव्या हाताला, मग तीन सुट्ट्या उजव्या हाताला. मग जुड्यांखाली ६ लिहायचा, सुट्ट्यांखाली ३. दोन आठवडे हेच केलं. कान तीन आधी ऐकत असला तरी डोळा जुड्या आधी बघायला शिकला.

त्याच काड्यांवर वजाबाकी घेतली. ६३ मधून २८ वजा करायचे. मी सवयीने म्हटलं, "तीनातून आठ जात नाहीत, म्हणून शेजारून एक उसना घ्यायचा." एक मुलगी म्हणाली, "मॅडम, उसना घेतला तर परत कधी द्यायचा?" मला उत्तर सुचेना. आपण पिढ्यानपिढ्या मुलांना उसना घ्यायला लावतो आणि कधीच परत करत नाही. घरात उसनं पीठ, उसने पैसे पाहणाऱ्या मुलीला हे खटकणारच. मी तिला म्हटलं, तूच करून बघ. तिने एक जुडी उचलली, रबर काढलं, दहा काड्या तीन सुट्ट्यांत मिसळल्या. तेरा झाल्या. त्यातून आठ काढल्या, पाच राहिल्या. उरलेल्या पाच जुड्यांतून दोन उचलल्या, तीन राहिल्या. पस्तीस. मग म्हणाली, "उसनं कुठंय? आपलीच जुडी सोडली." त्या दिवसापासून आमच्या वर्गात 'उसना' हा शब्द बंद झाला आणि 'जुडी सोडली' सुरू झालं.

प्रश्न विचारल्यावर थांबायचं किती, हे मला मालगाडीने शिकवलं. सिकंदराबाद-मनमाड रेल्वेमार्ग आमच्या तालुक्यातून जातो. निजामाच्या काळात टाकलेला तो लोहमार्ग. एका शाळेच्या मागेच तो होता. गाडी आली की बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून ती जाईपर्यंत थांबावं लागायचं. एकदा मी परिसर अभ्यासात विचारलं, "विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली का जातं?" आणि लगेच मालगाडी आली. लांबच लांब, कोळशाची. मी खडू हातात घेऊन उभी. गाडी गेली आणि पाहते तर सात-आठ हात वर. त्यात एक हात अशा मुलीचा, जी वर्षभरात आपणहून एक शब्द बोलली नव्हती. तिने सांगितलं की तिच्या वडिलांनी विहिरीत आडवं बोअर मारलं, तेव्हा शेजारच्या विहिरीचं पाणी कमी झालं, म्हणजे पाणी जमिनीखालून इकडून तिकडे जात असणार. आठ वर्षांची मुलगी. एवढं तिच्या डोक्यात होतं आणि मी रोज तिच्या तोंडून ते निघायच्या आधीच पुढचा प्रश्न विचारत होते.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात नेमकं हेच मोजलं होतं. वर्गातले तास ध्वनिमुद्रित करून त्यांनी पाहिलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत होते. एका सेकंदात मूल फक्त पाठ असलेलंच सांगू शकतं. शिक्षकांनी तीन सेकंद थांबायला सुरुवात केली, तेव्हा उत्तरं लांबली, 'माहीत नाही' म्हणणं कमी झालं आणि ज्यांना मठ्ठ समजलं जात होतं ती मुलं बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. वर्गात उभं राहून थांबून बघा, किती जड जातात. मी खडू तळहातावर तीनदा हळूच आपटायची, मगच नाव घ्यायची. आणि नाव प्रश्नाच्या नंतर घ्यायचं. आधी नाव घेतलं की बाकीचे चोवीस जण सुटले म्हणून निवांत होतात. नावं मी कुल्फीच्या काड्यांवर लिहून डब्यात ठेवली होती. काडी निघेल त्याची पाळी. यामुळे मागच्या रांगेतली, घरून धुतलेले कपडे न मिळणारी, शिक्षकाची नजर सहज चुकवणारी मुलंही पाळीत आली. आपली नजर कुणावर जाते आणि कुणावर जात नाही, हे त्या डब्याने मला दाखवलं. ते पाहून मला वाईट वाटलं होतं.

विसरण्याबद्दल थोडक्यात सांगते. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं माणूस पहिल्या काही तासांतच सर्वांत झपाट्याने विसरतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा तो न बघता आठवून सांगितला तर आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. वर्गात याचा उपयोग अगदी साधा. परिपाठ झाला की पाच मिनिटं पुस्तक बंद: एक प्रश्न कालचा, एक गेल्या आठवड्याचा, एक गेल्या महिन्याचा. आमच्याकडे याची गरज जास्त, कारण दिवाळीच्या आसपास कापूस वेचणीला घर निघालं की मूल दहा-दहा दिवस गैरहजर. अशा मुलांना हा जुना प्रश्नच परत वर्गात घ्यायचा. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणातच शाळा नेली होती. तेवढं माझ्याच्याने झालं नाही. पण परत आलेल्या मुलाला "एवढे दिवस कुठे होतास?" असं विचारायचं नाही, एवढं पाळलं.

दोन खोल्यांत चार वर्ग असले की आणखी एक गोष्ट समजते. चौथीतलं मूल चौथीच्या पुस्तकापाशी असेलच असं नाही. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' सर्वेक्षणात गावोगाव मुलांना एक कागद वाचायला देते: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. २०२४ मध्ये ४८.८ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं रोज असं पुस्तक समोर घेऊन बसतात, जे त्यांना वाचता येत नाही. यावर उपायही 'प्रथम'नेच काढला: दिवसातला तास-दीड तास इयत्ता बाजूला ठेवायची आणि पातळीप्रमाणे गट करायचे. 'प्रथम'च्या कामाचा अभ्यास करणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आम्ही दोघा शिक्षकांनी हे केलं तेव्हा चौथीचा एक मोठा मुलगा दुसरीच्या मुलांत बसायला तयार होईना. त्याला मी काड्यांच्या जुड्या सांभाळायचं काम दिलं. जुड्या वाटता वाटता तो त्या गटात बसला आणि दीड महिन्यात तिथून उठला.

२०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम आला आणि साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथे मुलं स्वतः हाताळून, एकमेकांशी बोलून शिकत होती. काम खरंच मोलाचं होतं. परत येऊन अनेक ठिकाणी फरश्या रंगवल्या गेल्या, भिंतींवर अंक आले. रंगाचं मला काही वावडं नाही. पण फरशीवरच्या ६३ वर उभं असलेलं मूल मनात काय म्हणतंय, हे विचारायला तिथे खाली बसावंच लागतं.

निवृत्तीनंतर एका तरुण शिक्षिकेने मला तिचा तास पाहायला बोलावलं. पहिलीच नेमणूक, दुसरी-तिसरीचा एकत्र वर्ग. मी मागे सतरंजीवर बसले. तिने "एकोणसत्तर" सांगितलं, थांबली, आणि "दाखवा" म्हणाली. एका पाटीवर ७९ होतं. एकोण म्हणजे एकाने उणा, हे आपल्याला माहीत. संख्यानावांमधली सगळ्यात अवघड जागा हीच. ती फुली मारेल असं मला वाटलं. ती त्या मुलाजवळ खाली बसली.

"कसं लिहिलंस, सांग बरं."

मुलगा गप्प. ती थांबली. मी मनात मोजत होते. तीन झाले, चार झाले, पाच झाले.

"सत्तर म्हनलं की सात," तो म्हणाला, "आन् एकोण म्हनलं की शेवटी नऊ येतो, एकोणीसला येतो तसा."

तिने मान डोलावली आणि काड्यांची टोपली पुढे ओढली. "बरं, आधी सत्तर मांड," ती म्हणाली. त्याने सात जुड्या मांडल्या आणि आता पुढे काय, म्हणून तिच्याकडे पाहू लागला.